घरातील विजेचा जमाखर्च

वाण्याकडून आणलेली साखर डब्यात दिसते आणि डबा रिता होऊ लागला म्हणजे तेही दिसते. घागरीतील पाणी सरत आले की घागर उचलताना हलकी लागते. विजेचे मात्र तसे नाही. ती तारेतून येते, आपले काम करते आणि नाहीशी होते. तिला रंग नाही, वजन नाही, वास नाही. घरात ती किती आली व कोठे खर्च झाली, हे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या एका कागदावरूनच कळते. आणि तो कागदही केवळ एकूण आकडा सांगतो, कोणत्या वस्तूने किती वीज घेतली ते सांगत नाही. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिच्याविषयी मनुष्य अंदाजाने बोलू लागतो. अंदाज पुष्कळदा चुकतो आणि मग पैसे तर जातातच, पण कधी कधी भलत्याच माणसाला बोल लागतो.

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कराड शहरातील एका कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरात आजी, आई, वडील आणि दोन मुले अशी पाच माणसे. मार्च महिन्याचे विजेचे बिल हाती आले, तेव्हा त्यावर २१० युनिटांचा आकडा होता. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, "रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असतो, दुपारभर पंखा फिरत असतो, मग दुसरे काय होणार?" रात्री जळणारा दिवा होता सातवीत शिकणाऱ्या मुलीच्या अभ्यासाचा आणि दुपारचा पंखा होता आजीचा. वडिलांचा रोख कोणा एकावर नव्हता. परंतु शब्द लागावयाचे तेथे लागले.

दुसऱ्या दिवशी मुलगी सकाळची शाळा आटोपून घरी आली. एप्रिलचे ऊन मी म्हणत होते. आजी माजघरात भिंतीला टेकून बसली होती आणि जुन्या विंझण्याने वारा घेत होती. डोक्यावरचा पंखा स्तब्ध होता.

"आजी, पंखा का नाही लावलास?" मुलीने विचारले.

"मला कशाला हवा गं पंखा? आमच्या लहानपणी कुठे होते पंखे?" आजी हसून म्हणाली, पण तिचा चेहरा घामाने निथळत होता.

मुलीला ते हसणे खरे वाटले नाही. पंखा खरोखरच एवढी वीज खातो काय, हे आपण मोजून पाहावे, असे तिने मनाशी ठरविले.

मोजावयाचे म्हटले म्हणजे आधी माप ठाऊक हवे. दूध लिटरने मोजतात, धान्य किलोने. तशी घरातील वीज युनिटने मोजतात. प्रत्येक उपकरणावर एक आकडा लिहिलेला असतो आणि त्यापुढे 'वॅट' हा शब्द असतो. वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅट याच्या नावावरून हा शब्द आला. ते उपकरण किती वेगाने वीज वापरते, हे त्या आकड्यावरून समजते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. हिशेब अगदी सोपा आहे. उपकरणाच्या वॅटना तासांनी गुणावे आणि आलेल्या गुणाकारास हजाराने भागावे. उत्तर युनिटांत मिळते. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. तो सहा तास फिरला तर ७५ गुणिले ६ म्हणजे ४५०. हजाराने भागले असता ०.४५, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी.

हा हिशेब वहीत मांडल्यावर मुलीला नवल वाटले. परंतु कागदावरचे गणित घरातील माणसांना पटावयाचे, तर ते डोळ्यांनी दिसले पाहिजे. त्याची सोय विजेच्या मीटरवरच असते. आजच्या पुष्कळशा मीटरवर एक बारीकसा तांबडा दिवा लुकलुकत असतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हेही मीटरच्या दर्शनी भागावर छापलेले असते. या घरच्या मीटरवर तो आकडा ३२०० होता. म्हणजे हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की घरात एक युनिट वीज खर्च झाली, असे समजावे. न दिसणारी वीज येथे डोळ्यांना दिसू लागते.

रविवारी सकाळी मुलीने वडिलांना मीटरपाशी बोलाविले. मीटरला हात न लावता, दूर उभे राहून केवळ पाहावयाचे होते. प्रथम घरातील सर्व बटणे बंद केली आणि फ्रीजही थोडा वेळ बंद ठेवला. आता मीटरचा दिवा शांत राहावयास हवा होता. पण तो दोनेक मिनिटांनी एकदा लुकलुके. घरातील सारे काही बंद असता ही वीज कोण घेत होते? शोध घेता घेता धाकटा भाऊ ओरडला, "टीव्हीचा डबा!" टीव्ही बंद होता, परंतु त्याच्या शेजारचा सेट-टॉप बॉक्स चालूच होता. तो दहाएक वॅट वीज अहोरात्र घेत असतो. त्याचे बटण बंद करताच मीटरचा दिवा थांबला.

नंतर एकेक उपकरण लावून पाहिले. मुलीच्या अभ्यासाचा दिवा ९ वॅटचा एलईडी होता. तो लावला, तर मीटरचा दिवा जवळजवळ दोन मिनिटांनी एकदा लुकलुकला. स्वयंपाकघरातील जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावताच तो मिनिटाला तीन वेळा लुकलुकू लागला. आजीचा पंखा लावला, तेव्हा मिनिटाला चार वेळा. शेवटी गीझरचे बटण दाबले. तो २००० वॅटचा होता. मीटरचा दिवा एवढ्या भराभर लुकलुकू लागला की वडील मोजता मोजता चुकले. पुन्हा मोजले, तेव्हा एका मिनिटात १०७ ही संख्या भरली. चार कोठे आणि एकशे सात कोठे! वडील काही बोलले नाहीत; पण त्यांची नजर आजीच्या पंख्याकडे गेली.

फ्रीजचा हिशेब मात्र असा मिनिटांत होत नाही. कारण तो मधून मधून चालतो व मधून मधून थांबतो. त्यासाठी दुसरी युक्ती योजली. त्या रात्री अकरा वाजता मीटरवरील आकडा टिपून ठेवला. रात्रभर एक पंखा व फ्रीज एवढेच चालू राहतील, अशी व्यवस्था केली. सकाळी सहा वाजता पाहिले, तर १.१ युनिट वीज खर्च झाली होती. पंख्याचे सात तासांचे सुमारे अर्धे युनिट वजा केले. उरलेले ०.६ युनिट फ्रीजचे. सात तासांना एवढे, तर चोवीस तासांना सुमारे दोन युनिट!

अशा रीतीने सर्व घराचा दिवसाचा जमाखर्च वहीत उतरला. गीझर २.३ युनिट, फ्रीज २ युनिट, रात्रीचा पंखा ०.६ आणि दोन पिवळे बल्ब मिळून ०.६. आजीचा दुपारचा पंखा ०.४५. मिक्सर व पाण्याची मोटर मिळून ०.३, इस्त्री ०.२५, टीव्ही ०.२४ आणि सेट-टॉप बॉक्सही तेवढाच ०.२४. सर्वांत शेवटी मुलीच्या अभ्यासाचा दिवा, तीन तासांचे ०.०२७ युनिट. बेरीज झाली दिवसाला सुमारे सात युनिट, महिन्याला २१०. बिलावरील आकडा जुळला. ज्या दिव्याला बोल लागला होता, त्याने महिनाभरात एक युनिटही खर्च केले नव्हते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. प्रकाश व वारा यांना वीज थोडी लागते. उष्णता निर्माण करावयास फार लागते. पाणी तर उष्णता पिऊन घेणारा मोठा पदार्थ आहे. गीझरमधील १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवावयाचे, तर अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. तेवढ्याच विजेवर पंखा जवळजवळ सात तास फिरेल आणि ९ वॅटचा दिवा अठ्ठावन्न तास जळेल. जुना पिवळा बल्ब वीज अधिक का खातो, याचेही कारण हेच आहे. त्यातील बारीक तार तापून पांढरीशुभ्र होते, तेव्हा कोठे उजेड पडतो. त्या विजेचा दहावा भागदेखील प्रकाशात उतरत नाही; बाकी सारी उष्णता होऊन जाते. एलईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही, म्हणून ९ वॅटमध्ये ६० वॅटच्या बल्बइतका उजेड मिळतो. असे पांढरा प्रकाश देणारे दिवे शक्य झाले, ते निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधामुळे. त्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जमाखर्च समजला म्हणजे उपाय शोधणे कठीण नसते. या घरातील गीझरचे बटण उंचावर होते आणि ते बंद करण्याचे काम कोणा एकाचे नव्हते. त्यामुळे गीझर दिवसरात्र चालूच राही. टाकीतील पाणी निवे, पुन्हा तापे. पुन्हा निवे, पुन्हा तापे. कोणी स्नान करीत नसतानाही वीज खर्च होत असे. आता स्नानांपूर्वी थोडा वेळ गीझर लावावा, सर्वांनी पाठोपाठ स्नाने उरकावी आणि शेवटी स्नान करणाऱ्याने बटण बंद करावे, असे ठरले. पाच माणसांच्या स्नानास १.३ युनिट पुरू लागले. दिवसाला एक युनिट वाचले.

फ्रीजची परीक्षा आईने केली. तिने कागदाची एक पट्टी फ्रीजच्या दारात धरली, दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. ती अलगद बाहेर आली. याचा अर्थ, दाराची रबरी पट्टी सैल झाली होती. आतील गारवा फटीतून बाहेर जाई, बाहेरची उष्ण हवा आत शिरे आणि फ्रीजला विसावा म्हणून मिळत नसे. रबरी पट्टी नवी बसविली आणि फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. ऊन पदार्थ निवल्यावाचून आत ठेवावयाचे नाहीत, असाही नियम केला. एवढ्याने त्याचा खर्च दोन युनिटांवरून १.२ युनिटांवर आला.

दोन पिवळ्या बल्बांच्या जागी ९ वॅटचे दोन दिवे आले आणि तेथे रोज अर्धे युनिट वाचले. सेट-टॉप बॉक्सचे बटण बंद करण्याचे काम धाकट्या भावाने आपणहून अंगावर घेतले. ते काम करताना एखाद्या पहारेकऱ्याचा रुबाब त्याच्या चेहऱ्यावर दिसे.

सारी जुनी उपकरणे एकदम टाकून नवी आणावी, असे मात्र कोणी समजू नये. जे उपकरण मोडले व नवे घ्यावयाचेच आहे, ते पारखून घ्यावे. त्यासाठी उपकरणावरील ताऱ्यांचे चिन्ह पाहावे. ऊर्जेच्या बचतीसाठी भारतात २००१ साली कायदा झाला आणि त्यानुसार २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था स्थापन झाली. २००६ सालापासून या संस्थेने उपकरणांवर तारे देण्याची पद्धत सुरू केली. एकाच आकाराच्या दोन फ्रीजपैकी ज्यावर तारे अधिक, तो तेच काम कमी विजेत करतो. पंख्यांतही आता २८ ते ३५ वॅट विजेवर फिरणारे पंखे मिळतात. त्यांची किंमत अधिक असली, तरी जो पंखा रोज पुष्कळ तास फिरतो, तेथे ती हळूहळू भरून निघते.

बिल कमी होण्याचे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर विद्युत नियामक आयोग ठरवून देतो. ते वेळोवेळी बदलत असतात. परंतु त्यांची रचना पायऱ्यांची आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त. आणि पुढे दर आणखी चढत जातो. म्हणून मनुष्य वीज वाचवितो, तेव्हा तो तळाची स्वस्त युनिटे वाचवीत नाही, तर वरची महाग युनिटे वाचवितो. घरात वीज एक तृतीयांशाने कमी झाली, तर वापरापुरती द्यावयाची रक्कम एक तृतीयांशाहून अधिक कमी होते. बिलावर 'स्थिर आकार' म्हणून जी रक्कम असते, ती मात्र वीज वापरली वा न वापरली, तरी द्यावीच लागते.

तथापि हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. कराडच्या पश्चिमेस, पाटण तालुक्यात, कोयना नदीवर मोठे धरण आहे. त्याच्या शिवसागर जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी नेऊन पश्चिमेकडे खोल उतरविले जाते आणि पोफळी येथील भूमिगत केंद्रात त्यापासून वीज होते. १९६२ सालापासून ही वीज महाराष्ट्रास मिळत आली आहे. तेथे पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येते. गणित केले असता असे दिसते की, एक युनिट विजेसाठी सुमारे नऊशे ते हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली सोडावे लागते. घरांच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. तशी एक भरलेली टाकी म्हणजे एक युनिट. ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. ते पूर्वेकडील शेतांकडे परत येत नाही. या धरणासाठी कोयनेच्या खोऱ्यातील गावांनी आपली घरे व शेते पाण्याखाली जाऊ दिली, हेही विसरून चालणार नाही.

राज्यातील वीज अनेक ठिकाणी निर्माण होते. चंद्रपूर, कोराडी येथे ती कोळशापासून होते. कोठे वाऱ्यापासून, तर कोठे सूर्याच्या किरणांपासून होते. तारांच्या जाळ्यात ही सारी वीज एकत्र मिसळते. घरात आलेले युनिट पाण्याचे की कोळशाचे, हे कोणास सांगता येत नाही. कोळशाचे असेल, तर त्यासाठी अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळालेला असतो आणि त्याचा धूर हवेत गेलेला असतो. शिवाय केंद्रापासून घरापर्यंत येताना वाटेत काही वीज तारांमध्ये उष्णता होऊन वाया जाते. म्हणून घरात एक युनिट वाचविले, तर केंद्रात एका युनिटाहून थोडे अधिकच वाचते.

कराडच्या त्या घरी पुढच्या पूर्ण महिन्याचे बिल आले, तेव्हा त्यावर १४० युनिटांचा आकडा होता. सत्तर युनिटे कमी झाली होती. सत्तर टाक्या पाणी किंवा पस्तीस ते पन्नास किलो कोळसा. विशेष असे की, या महिन्यात आजीचा पंखा पूर्वीपेक्षा रोज दोन तास अधिक फिरला होता. वडिलांनीच तो लावून दिला होता. "आई, हा पंखा आता बंद करायचा नाही," असे ते म्हणाले, तेव्हा आजीने विंझणा खुंटीला अडकविला.

काटकसरीचा विचार निघाला की पुष्कळदा घरातील वृद्धांकडून व मुलांकडून तिचा प्रारंभ होतो; कारण ती तक्रार करीत नाहीत. परंतु ज्या विजेने कोणाला गारवा मिळतो, कोणाचा अभ्यास होतो, ती वाया गेलेली नसते. वाया जाते ती वीज, जिचा कोणालाच उपयोग झाला नाही: रिकाम्या खोलीतील पंख्याची, कोणी न वापरलेल्या ऊन पाण्याची, फटीतून निघून गेलेल्या गारव्याची. गरज कोणती आणि नासाडी कोणती, हे ओळखावयाचे, तर अंदाज पुरत नाही, मोजावे लागते. एक वही, एक पेन्सिल आणि मीटरवरील तो लुकलुकणारा दिवा एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे.